सिडनी ते सँटियागो : अंतराची उत्तरं तीन आणि वेळ उणे दीड तास

हिशेबी_काका

मंडळी, प्रश्न भाबडा आहे, हसू नका.

भाची कामासाठी सिडनीहून चिलीतल्या सँटियागोला निघाली आहे. तिनं तिकिटाचा फोटो पाठवला. निघणार दुपारी १२:३० ला, पोचणार सकाळी ११:०० ला, आणि तारीख तीच! आमची कन्या आठवीत आहे. तिनं जागच्या जागी वजाबाकी केली : "बाबा, ताई निघायच्या दीड तास आधीच पोचणार."

ते तारखेच्या रेषेचं काहीतरी असणार, एवढं कळतं. पण कन्येसमोर अब्रू राखायची म्हणून कागद-पेन घेऊन बसलो आणि पुरता फसलो. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश शोधून सूत्रात घातले, उत्तर आलं ७,२२५ किमी. पटेना. मग लक्षात आलं की दोन्ही ठिकाणं साधारण ३३-३४ अंश दक्षिणेलाच आहेत, तर सरळ त्याच अक्षांशावरून मोजावं. आले १२,७७४. शेवटी एका साइटवर नावं टाकली. ती म्हणते ११,३४० किमी आणि वेळ १४ तास ४० मिनिटं.

तिकिटावर मात्र जायला साडेबारा तास आणि यायला चौदा. रस्ता एकच ना? मग जाताना उतार आणि येताना चढ आहे की काय?

उगाचच

सोप्पं आहे काका. पृथ्वी फिरते. विमान वर उडालं की खाली जमीन सरकते. एका दिशेला जाताना मुक्काम जवळ येतो, दुसरीकडे लांब पळतो. झालं.

कोनमापक

@उगाचच, तुमच्याच म्हणण्यानं चालू. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. सँटियागो सिडनीच्या पूर्वेला आहे, म्हणजे ते विमानापासून लांब पळायला हवं आणि जाताना जास्त वेळ लागायला हवा. तिकिटावर बरोबर उलटं आहे. त्या अक्षांशावर जमीन ताशी जवळजवळ १,३८५ किमीनं सरकते. विमानाचा वेग ९००च्या आसपास. तुमच्या हिशेबानं भाची कधी पोचायचीच नाही.

पृथ्वीबरोबर हवाही फिरते. विमान हवेत उडतं, त्यामुळे धावपट्टीवर उभं असल्यापासून तो वेग त्याच्याकडे आहेच.

आता काकांच्या तीन उत्तरांकडे. तिन्हींत तथ्य आहे, म्हणून तर मजा.

७,२२५ : सँटियागो पश्चिम रेखांशावर आहे, ७०.७८६ च्या आधीची उण्याची खूण राहिली. त्यामुळे तुमचं सँटियागो हिंदी महासागराच्या दक्षिण भागात जाऊन पडलं. गणित अगदी बरोबर आहे, फक्त ते त्या पाण्यापर्यंतचं आहे.

खूण घालून परत करा. रेखांशांतला फरक १५१.१७७ अधिक ७०.७८६, म्हणजे २२१.९६३. हा १८० च्या पुढे गेला, म्हणजे आपण लांबच्या बाजूनं फिरून आलो. ३६० मधून वजा केला की १३८.०३७ अंश. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.३०७४. दोन्हींच्या कोसाइनचा गुणाकार गुणिले १३८.०३७ चा कोसाइन, म्हणजे उणे ०.५१५०. बेरीज उणे ०.२०७६. हा ज्या कोनाचा कोसाइन आहे तो १०१.९८ अंश. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरली तर एका अंशाला १११.१९५ किमी. गुणा : ११,३४० किमी. साइटही हेच करते. पृथ्वी जराशी चपटी आहे हे धरलं तर आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण ती चूक कधी अर्ध्या टक्क्याच्या फारशी वर जात नाही.

१२,७७४ : ही चूक तुमची नाही, भिंतीवरच्या नकाशाची. समान अक्षांशावरची रेघ नकाशावर सरळ दिसते, म्हणून ती जवळची वाटते. मर्केटरनं १५६९ मध्ये तो नकाशा काढला तो जहाजांना एकच दिशा धरून जाता यावं म्हणून, अंतर मोजायला नव्हे. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा आपोआप दक्षिणेकडे सरकेल. मध्यावर तो ६२ अंश दक्षिणेच्या आसपास जातो. भाची अंटार्क्टिकाच्या शेजारून जाणार आहे, सांगा तिला. वाचतात १,४३४ किमी.

हिशेबी_काका

दंडवत! गोल नाही, पण मोसंबं होतं. त्यावर पेनानं दोन ठिपके काढून दोरा ताणला. खरंच खाली सरकला. कन्या आता त्या मोसंब्याला हात लावू देत नाही.

एक उपप्रश्न. विमान अकरा किलोमीटर वरून जातं, मग ते वर्तुळ मोठं नाही का झालं?

कोनमापक

झालं ना. पण ६,३७१ मध्ये ११ मिळवल्यानं अंतर किती वाढणार? एवढ्या मोठ्या प्रवासात जेमतेम वीस किलोमीटर. दीड मिनिटाचा मामला. धावपट्टीच्या रांगेत याच्या दसपट वेळ जातो.

निळीशाई

उणे दीड तासाचं मी सांगते. असल्या वेळी दोन्ही घड्याळं विसरायची आणि सगळं यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणायचं. आत्ता दोन्हीकडे उन्हाळी वेळ चालू आहे. सिडनी यूटीसीच्या ११ तास पुढे, सँटियागो ३ तास मागे. सिडनीचे दुपारचे १२:३० म्हणजे यूटीसी पहाटे १:३०. सँटियागोचे सकाळचे ११:०० म्हणजे यूटीसी दुपारी २:००. फरक साडेबारा तास. संपलं.

पण हे १४ तासांचं अंतर बारा महिने तसंच राहत नाही, इकडे लक्ष ठेवा. चिलीचं घड्याळ सप्टेंबरात पुढे जातं, सिडनीचं ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या काही आठवड्यांत फरक १३ तासांचा असतो. पाठ केलेला फरक वापरून कुणाला घ्यायला विमानतळावर गेलात, तर एक तास खांबाला टेकून उभे राहाल. अनुभवाचे बोल.

अवांतर : माझ्या फोनमधल्या ॲपनं सिडनी-सँटियागो साधारण ८,९०० किमी दाखवलं. हे चौथं उत्तर कुठून आलं?

कोनमापक

:) तुमच्या ॲपनं कॅनडातलं सिडनी उचललं. नोव्हा स्कोशियात त्याच नावाचं गाव आहे, विमानतळासकट. २००२ मध्ये ब्रिटनहून ऑस्ट्रेलियाला निघालेलं एक तरुण जोडपं चुकीच्या तिकिटामुळे थेट तिथे जाऊन उतरलं होतं. म्हणून नाव टाकू नये, तीन अक्षरी कोड टाकावा. ऑस्ट्रेलियातलं एसवायडी, कॅनडातलं वायक्यूवाय.

रात्रपाळी

बरेच दिवसांनी लॉगिन केलं. आयुष्यातली बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये, म्हणजे विमानांचे मार्ग आखण्यात काढली, त्यामुळे राहवलं नाही.

काकांनी 'चढ-उतार' म्हटलं ते गमतीत, पण चढ-उतार आहे. तो वाऱ्याचा. दोन्ही गोलार्धांत मधल्या अक्षांशांवर, विमानं उडतात त्याच उंचीला, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात. यालाच जेट स्ट्रीम म्हणतात. सिडनीहून सँटियागोला जाताना तो पाठीशी, येताना छातीवर.

विमानाचा वेग म्हणजे हवेतला वेग. माख ०.८५ (ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट) म्हणजे त्या थंड हवेत ताशी जवळजवळ ९०० किमी. जमिनीवरून किती पुढे सरकलो ते यात वारा मिळवून किंवा वजा करून ठरतं. फेब्रुवारी २०२० मध्ये एका मोठ्या वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. म्हणून ते काही ध्वनीपेक्षा वेगानं उडालं नाही. ज्या हवेत ते होतं ती हवाच धावत होती.

त्या साइटनं ११,३४० ला ८०० नं भागून वर अर्धा तास टाकलेला दिसतो. त्या १४ तास ४० मिनिटांत ना वारा आहे ना दिशा. अंतर जमिनीवर मोजता येतं, वेळ मात्र त्या दिवशीच्या हवेला विचारावा लागतो.

आणि हो, आमच्याकडे किलोमीटर कुणी बोलत नाही. कोनमापकांच्या १०१.९८ अंशांना ६० नं गुणा, साधारण ६,१२० नॉटिकल मैल आले. एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे एक नॉटिकल मैल, १,८५२ मीटर. सूत्र सोपं होतं म्हणूनच ते एकक टिकलं.

उगाचच

पृथ्वी फिरण्याचं मागे घेतो. पण मग जाताना जेवढं कमावलं तेवढंच येताना गमावलं, म्हणजे जाऊन-येऊन हिशेब सारखाच की.

हिशेबी_काका

हे मी करून पाहिलं! वेग ९००, वारा ६० धरला. जाताना ताशी ९६० नं ११ तास ४९ मिनिटं, येताना ८४० नं १३ तास ३० मिनिटं. एकूण २५ तास १९ मिनिटं. वारा नसता तर २५ तास १२ मिनिटं. सात मिनिटं कुठे गेली?

वारा १५० केला तर एकूण जवळजवळ २५ तास ५५ मिनिटं होतात. त्रेचाळीस मिनिटांचा तोटा!

कोनमापक

कारण पाठीमागचा वारा तुमच्या वाट्याला कमी वेळ येतो आणि समोरचा जास्त वेळ. लवकर पोचल्यामुळे फायद्यात कमी तास राहता, तोट्यात जास्त. @उगाचच, यावेळी तुमचा प्रश्न चांगला होता.

उगाचच

'यावेळी' हा शब्द नोंदवून ठेवतो.

निळीशाई

जेट स्ट्रीमवरून आठवलं. जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले आणि १९२६ मध्ये अहवाल काढला. जगभरच्या लोकांना वाचता यावा म्हणून मुद्दाम एस्परांतो या घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत लिहिला. परिणाम असा की जगात जवळजवळ कुणीच वाचला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बी-२९ विमानं जपानवर गेली तेव्हा त्यांना हे वारे थेट अंगावर घ्यावे लागले.

खिडकीपाशी

मी या मार्गानं दोनदा गेलो आहे, दोन्ही वेळा येताना खिडकी मिळाली. एकदा परतताना विमान इतकं दक्षिणेला गेलं की खाली समुद्रावर तरंगते बर्फाचे तुकडे दिसत होते. पांढऱ्या खवल्यांसारखे. रात्र होतच नव्हती, सूर्य क्षितिजावर तसाच लटकलेला. केबिनमधल्या सगळ्यांना झोपवायला खिडक्या काळ्या केल्या होत्या आणि मी चोरून कड उघडून बघत होतो.

जाताना मात्र बर्फ वगैरे काही नाही. म्हणजे दोन्ही रस्ते वेगळे होते ना? काकांच्या 'रस्ता एकच ना' वर माझा आक्षेप.

रात्रपाळी

आक्षेप मान्य. आकाशात रस्ता रोज नवा आखला जातो. जाताना जेट स्ट्रीम सापडेल तिथून न्यायचं, येताना त्याला वळसा घालायचा. दक्षिणेला जाऊन अंतर वाढलं तरी वारा मंद असेल तर तेच परवडतं.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को. दोऱ्यानं मोजलं तर १२,३८० किमीच्या आसपास. एअर इंडिया आधी अटलांटिकवरून जायची, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किमी आणि वेळ कमी होऊन साडेचौदा तास! चौदाशे किलोमीटर जास्त उडून लवकर पोचले, कारण सगळा प्रवास वाऱ्याच्या दिशेनं. आणि परतीचं विमानही पॅसिफिकवरूनच यायचं, म्हणजे ती मंडळी प्रत्येक फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा...

माफ करा, चुकलो. परतताना तोच वारा समोरून आला असता. परतीचं विमानही पॅसिफिकवरून आलं असतं तर प्रदक्षिणा झालीच नसती. जाताना पॅसिफिक, येताना अटलांटिक, अशी दोन्ही वेळा पूर्वेकडे तोंड ठेवून गेलात तर प्रदक्षिणा पूर्ण. वय झालं.

वाऱ्याशिवाय आणखी एक गोष्ट रस्ता वाकवते, ती म्हणजे बंद आकाश. हेलसिंकी-टोकियो हे आधी साडेनऊ तासांचं प्रकरण होतं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि ते तेरा तासांवर गेलं. फिनएअरची विमानं उत्तर ध्रुवावरून वळसा घालू लागली. शहरं जागच्या जागीच आहेत, अंतर सांगणारी साइट अजूनही जुनाच आकडा दाखवते.

खिडकीपाशी

दक्षिण पॅसिफिकवर एक इंजिन बंद पडलं तर? तेव्हा हा विचार मुद्दाम टाळला होता.

रात्रपाळी

टाळलात ते बरं केलंत, पण आमच्या टेबलावर पहिला विचार तोच असतो. १९५३ मध्ये अमेरिकेत नियम झाला की दोन इंजिनांच्या विमानानं उतरण्याजोग्या विमानतळापासून ६० मिनिटांपेक्षा लांब जाऊ नये, तेही एका इंजिनावर उडतानाच्या वेगानं मोजून. १९८५ मध्ये ते १२० मिनिटं झालं. ईटॉप्स म्हणतात याला. पुढे ७८७ ला ३३० मिनिटांची मुभा मिळाली. म्हणजे एका इंजिनावर साडेपाच तास.

दक्षिण पॅसिफिकसारख्या ओसाड भागात हा आकडा कळीचा ठरतो. सिडनी-सँटियागोला क्वांटासनं २०१२ मध्ये सुरुवात केली ती चार इंजिनांच्या ७४७ नं, आता दोन इंजिनांचं ७८७ जातं. मधे टेकायला ऑकलंड, ताहितीचं पापीते, ईस्टर बेट, चिलीचं दक्षिण टोक, बस. ईस्टर बेटाची धावपट्टी तीन किलोमीटरांहून लांब आहे, कारण नासाच्या स्पेस शटलला अडीअडचणीला उतरता यावं म्हणून १९८० च्या दशकात ती वाढवली. शटल कधी उतरलं नाही, प्रवाशांची सोय झाली.

उगाचच

मग जगात सगळ्यात लांब कोणतं? आणि न थांबता कुठूनही कुठेही जाता येईल का?

कोनमापक

रोजच्या प्रवासी उड्डाणांत सिंगापूर-न्यूयॉर्क, १५,३४९ किमी, वेळापत्रकात साडेअठरा तासांच्या वर. त्यासाठीच्या ए३५०-९०० यूएलआरमध्ये अवघ्या १६१ जागा आहेत, साधा इकॉनॉमी वर्गच नाही. इंधनाचं वजन वाहण्यातच इंधन जळतं, त्यामुळे माणसं कमी करावी लागतात.

पण कुवतीचं म्हणाल तर नोव्हेंबर २००५ मध्ये बोइंगनं ७७७-२००एलआर हाँगकाँगहून लंडनला नेलं, तेही उलट्या बाजूनं, पॅसिफिक आणि अमेरिका ओलांडून. २१,६०२ किमी, २२ तास ४२ मिनिटं. पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन ठिकाणांमधलं अंतर साधारण २०,००० किमीहून जास्त असूच शकत नाही. म्हणजे उत्तर 'हो', पण भाड्यानं प्रवासी भरून नव्हे.

त्या वीस हजारांच्या जवळ जाणारी जोडी बघायची असेल तर इंडोनेशियातलं पालेम्बांग आणि कोलंबियातलं नेइवा. गोलाच्या जवळजवळ समोरासमोरच्या टोकांना. तिथे दोरा ताणला तर कुठूनही ताणा, अंतर तेवढंच. फक्त पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्यामुळे ध्रुवावरून गेलात तर विषुववृत्ताच्या मानानं तीसेक किलोमीटर वाचतील.

हिशेबी_काका

भाची पोचली! आता एक खेळ मांडतो. ती शनिवारी परत निघेल, तिकिटावर १४ तास. प्रत्यक्ष किती लागतील? आकडे टाका.

रात्रपाळी

आधी नियम ठरवा. तिकिटावरचा वेळ गेट सुटल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगणं आलं, उतरल्यावर जागा मोकळी व्हायची वाट बघणं आलं. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. पैज चाकं सुटल्यापासून चाकं टेकेपर्यंतची ठेवा, नाहीतर भांडणं होतील.

उगाचच

१२ तास ४५ मिनिटं. वारा पडणार, माझं मन सांगतंय.

कोनमापक

१३:५०. काकांच्या साठच्या वाऱ्यापेक्षा जरा जास्त धरला.

निळीशाई

१३:१५.

रात्रपाळी

शुक्रवार रात्रीचा वाऱ्याचा अंदाज बघितल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

(शनिवार सकाळ) १३:४०.

वाचनमात्र

१३:२५

हिशेबी_काका

निकाल! कन्या शनिवारी रात्री जागून ट्रॅकिंग साइटवर ठिपका बघत बसली होती. ६४ अंश दक्षिणेपर्यंत गेला होता. चाकं सुटून टेकेपर्यंत १३ तास २६ मिनिटं. गेट ते गेट १३ तास ४९, म्हणजे तिकिटाच्या अकरा मिनिटं आधी. जिंकले : वाचनमात्र!

उगाचच, तुमचं मन ४१ मिनिटांनी चुकलं.

रात्रपाळी

चौदा मिनिटांनी हरलो, तेही वाऱ्याचा नकाशा समोर असताना. @वाचनमात्र, कोणता अंदाज वापरलात? साइट सांगा.

वाचनमात्र

वारा नाही बघितला. या मार्गाच्या मागच्या सहा फेऱ्यांच्या वेळा मिळाल्या. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान सोडून उरलेल्या चारांची सरासरी काढली.

रात्रपाळी

हात्तिच्या! वेळापत्रकवालेही जुन्या फेऱ्यांवरूनच ब्लॉक टाइम ठरवतात. आमच्या शेजारच्याच खोलीत बसायचे ते, आणि आम्ही त्यांना हसायचो.

हिशेबी_काका

कन्या विचारतेय, पुढचा डाव हेलसिंकी-टोकियोचा लावायचा का? @वाचनमात्र, येणार का?

वाचनमात्र

नको. परत वाचनमात्र.